सीपॅप बिघडलं, की हवा निसटली?

रात्री दोनच्या सुमारास उशाशी ठेवलेलं सीपॅप मशीन एकाएकी घोंघावू लागतं. मास्कच्या कडेतून डोळ्यांत वारा जातो, शेजारी झोपलेलं माणूसही जागं होतं आणि सकाळी घरात एकमतानं ठरतं, की मशीन बिघडलं. विक्रेत्याला फोन जातो. तो येईपर्यंत मशीन बंद राहतं आणि घोरणं, श्वास अडकणं, दिवसाची पेंग हे सगळं परत येतं. माझं मत स्पष्ट आहे: अशा बहुतेक तक्रारींत दोष यंत्राचा नसतो. या यंत्राला कळतो तो फक्त हवेचा दाब आणि प्रवाह. त्यावरूनच ते काय करायचं ते ठरवतं. हवेत काय बदल झाला, हे शोधलं की त्याच्या तऱ्हेवाईक वागण्याचा उलगडा होतो.

हे यंत्र ज्यासाठी वापरतात त्या स्लीप ॲप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू झोप मोडून श्वास सुरू करतो. तासाला ५ ते १५ वेळा असं झालं तर आजार सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र धरतात. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती, म्हणजेच सीपॅप, काढली. पाच रुग्णांचा अनुभव त्यांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र आजारावर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणं हाच खात्रीचा इलाज होता. घरातलं यंत्र साधारणपणे पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीइतका दाब देतं. १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. दाब इतका हलका असल्यामुळे मास्कखालची बारीकशी फटही त्याला बिघडवते.

म्हणून घोंघावण्याचं पहिलं कारण गळती. हवा निसटली की ठरलेला दाब टिकवण्यासाठी पंख्याला जास्त वेगानं फिरावं लागतं. आवाज वाढतो तो त्यामुळे. लोक मग पट्टे करकचून आवळतात आणि गळती आणखी वाढते, कारण मास्कची मऊ कड हवेनं फुगून चेहऱ्यावर बसायची असते. आवळल्यावर तिला सुरकुत्या पडतात. बरोबर पद्धत वेगळी आहे. मशीन सुरू करा, आडवे व्हा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवा आणि त्याच स्थितीत पट्टे जुळवा. बसून जुळवलेला मास्क कुशीवर वळताच हलतो. चेहऱ्याचं तेल आणि रात्री लावलेलं क्रीम यांनी कड घसरते, म्हणून ती रोज सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवावी. दाढी-मिशा असतील तर नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क पुष्कळांना सोयीचा पडतो. तोंड उघडं पडत असेल तर नाकातून आलेली हवा तोंडावाटे निघून जाते आणि सकाळी घशाला कोरड पडते. अशा वेळी आधी चोंदलेल्या नाकाचा इलाज करावा, मग नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कचा विचार. मास्कवरच्या बारीक छिद्रांतून येणारी सूं मात्र हवीच असते. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. गळती समजून ती छिद्रं कधीही बुजवू नयेत.

मोठ्या गळतीचा आणखी एक परिणाम फसवा असतो. मास्क काढला की आपोआप थांबण्याची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते. मास्क खूप सरकला, तर तो काढला असं समजून ते मध्यरात्री बंद पडतं. वीज क्षणभर जाऊन इन्व्हर्टर सुरू होतानाही हेच घडू शकतं. इन्व्हर्टरवर रात्र काढायची असेल तर हवा दमट करण्यासाठी पाणी तापवणारा भाग आणि गरम होणारी नळी बंद ठेवावी. सर्वांत जास्त वीज तेच खातात.

नळीत गुडगुड होते ती पाण्यामुळे. टाकीतली उबदार, दमट हवा थंड नळीतून जाताना तिच्या भिंतींवर पाणी जमतं. डिसेंबरातल्या पुण्या-नाशिकात किंवा एसी जोरात लावलेल्या खोलीत हे हमखास होतं. ओलावा एक घर कमी करावा, नळीवर कापडी खोळ चढवावी, मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवावं. आणि टाकी भरलेली असताना मशीन तिरकं करू नये. पाणी मोटरमध्ये शिरलं, की मग खरोखरच बिघाड होतो.

श्वास थांबल्यावर हवेचे हलके ठोके किंवा थरथर जाणवते, तेव्हा तर लोक धास्तावतात. मला मात्र हा या यंत्राचा सर्वांत हुशार भाग वाटतो. घसा मिटलाय की उघडा आहे, हे काही यंत्रं अशा ठोक्यांनी चाचपतात. मिटलेला असेल तर दाब वाढवून वाट उघडता येते. उघडा असूनही श्वास नसेल, तर मेंदूकडूनच आज्ञा आलेली नसते आणि तिथे दाब वाढवून उपयोग नसतो. उपचाराच्या सुरुवातीला काहींना असे प्रसंग वाढलेले दिसतात आणि पुष्कळांत ते काही आठवड्यांत ओसरतात. टिकून राहिले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

सुरुवातीलाच घुसमट होत असेल, तर दाब जास्त असण्याऐवजी कमीही असू शकतो. हळूहळू दाब चढवण्याच्या सोयीत मशीन ४ पासून सुरू होतं आणि मोठ्या माणसाला तेवढी हवा अपुरी वाटते. हा आरंभीचा आकडा डॉक्टरांकडून वाढवून घ्यावा. सकाळी पडद्यावर दिसणाऱ्या प्रसंगांच्या संख्येचाही धसका नको. आपण झोपलो आहोत की जागे, हे यंत्राला नेमकं कळत नाही. कूस बदलताना रोखलेला श्वासही ते मोजतं. एका रात्रीचा आकडा सोडून द्या, महिनाभराची दर तासाची सरासरी ५ च्या खाली आहे ना ते पाहा.

दिवाळीच्या आगेमागे फिल्टर तपासाच. घराची झाडलोट, रंगकाम, फटाक्यांचा धूर, उदबत्ती, डासांची कॉइल हे सगळं मशीन ओढून घेतं. करडा पडलेला फिल्टर बदलावा. एकदाच वापरायचा पांढरा फिल्टर धुऊन पुन्हा लावू नये. ओझोननं निर्जंतुक करणाऱ्या पेट्याही टाळाव्यात. जून २०२१ मध्ये फिलिप्सनं जगभरातून लाखो मशीन परत मागवली, कारण आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येऊ शकत होते. ओझोन आणि दमट उष्णता यांनी ती झीज वाढते, असा इशारा तेव्हा देण्यात आला होता.

जळका वास, नळीत काळे कण, मोटरमध्ये शिरलेलं पाणी किंवा ठाकठीक मास्कनंही न मिळणारा दाब यांपैकी काही आढळलं तर घरी खटपट न करता मशीन बंद करून विक्रेत्याला बोलवा. दाबाच्या सेटिंगला स्वतःहून हात लावू नका. आणि मशीन दुरुस्तीला गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून, तोवरच्या रात्री कशा काढायच्या आणि बदली मशीन भाड्यानं मिळेल का, हे विचारा.