काळी आणि चोपण

वैशाखात मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात उभे राहिले की आधी जाणवते ती सावलीची टंचाई. नजर पोचेल तिथवर सपाट रान, बांधावर एखादी बाभूळ, बाकी सगळे आभाळ. खाली पाहावे तर जमीन उकललेली. भेगेत हाताची बोटे सहज जातात आणि मेंढपाळाने काठी सोडली तर ती मुठीपर्यंत आत उतरते. ज्वारी निघाल्यावर धसकटांच्या या रानात खतासाठी मेंढ्या बसवायच्या, तर धनगराचे लक्ष कोकरांवर असते. कोवळा पाय भेगेत गेला की मोडलाच म्हणून समजावे.

हेच रान भाद्रपदात पाहावे. भेगा नाहीशा झालेल्या असतात, आणि पाऊल टाकावे तर चिखल वहाणेला असा लगडतो की दहा पावलांवर वहाण हातात घ्यावी लागते. मेंढ्या आता इथे दिसणार नाहीत. ओल्या काळीत कळप घातला तर खुरांच्या बेचक्यात चिखल बसून ते कुजतात, आणि तुडवलेली जमीन वाळल्यावर विटेसारखी होते. कळप तेव्हा मुरमाड माळावर असतो. माळ आणि काळी, मेंढपाळ वर्षभर या दोन मातींमध्ये ये-जा करतो.

दोन्हींचा बाप एकच, काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. तो खडक झिजत झिजत जी माती झाली तिचा भरड भाग माथ्यावर राहिला आणि बारीक गाळ पाण्याबरोबर उतारावरून खोलगटात साठला. म्हणून सोलापूर भागात टेकाडावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि भीमा, माण यांच्या काठी दोन-तीन मीटर खणले तरी काळे संपत नाही. गवतालाही हा फरक कळतो. भारतातल्या गवताळ प्रदेशांची जी मोठी पाहणी १९७३ साली प्रसिद्ध झाली, तिने दख्खनचा बहुतेक भाग एकाच जोडनावाच्या पट्ट्यात टाकला. जोडीतले पहिले गवत पवन्या, ते खडकाळ, हलक्या जमिनीवरचे. दुसरे मारवेल, ते सखल, भारी जमिनीवरचे. चराई अति झाली की माळावरचा पवन्या हटतो आणि कुसळी माजते. तिचे पिळदार कुसळ ओल लागताच उलगडते, वाळले की पुन्हा पीळ घेते, आणि असे फिरत फिरत बी जमिनीत रोवते. मेंढीच्या लोकरीत अडकले तर कातडीतही.

काळ्या मातीचे सगळे चाळे तिच्यातल्या चिकणमातीमुळे आहेत. इथे चिकणमातीचे प्रमाण बहुधा निम्म्याच्या आसपास, कुठे त्याहून जास्त. तिचा कण दोन मायक्रॉनहूनही बारीक, आणि तो स्मेक्टाइट नावाच्या खनिजाचा. वहीची पाने एकावर एक असावीत तसे त्याचे पापुद्रे असतात. पाणी या पानांमध्ये शिरते आणि वही फुगते. ऊन लागले की पाणी जाते आणि वही मिटते. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅममधली सगळी पाने उलगडून अंथरली तर सातशे ते आठशे चौरस मीटर जागा व्यापतील. कबड्डीची पाच-सहा मैदाने, आणि ती चिमूटभर मातीत. एवढ्या पृष्ठभागावर पाणी नुसते थांबत नाही, चिकटून बसते.

उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा वरची भुसभुशीत माती त्यांत घरंगळते. पावसात खालची माती फुगू लागते, पण तिची जागा आता वरून पडलेल्या मातीने अडवलेली असते. मग खालचे थर एकमेकांवर घासत तिरके वर सरकतात. अशा शेतात मीटरभर खड्डा घेतला तर भिंतीत पाटीसारखे गुळगुळीत, चकाकणारे फलक दिसतात, घासून पॉलिश केल्यासारखे. वर्षानुवर्षे वरची माती खाली आणि खालची वर. शास्त्रज्ञांनी या जमिनींना वर्टिसॉल म्हटले ते ‘वळणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरूनच. शेतकरी म्हणतो, काळी स्वतःची नांगरट स्वतः करते. एरवी नामकरणात शास्त्रज्ञ आणि शेतकरी इतके जवळ क्वचितच येतात.

रंगावरून ही माती सेंद्रिय द्रव्याने ओथंबलेली वाटते. प्रत्यक्षात अनेक शेतांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भरतो. थोडासा ह्यूमस चिकणमातीच्या कणांवर घट्ट बसतो आणि सगळ्यांना काळे करतो, इतकेच.

तिच्या अल्कधर्मीपणाचे मूळ पावसाच्या हिशोबात आहे. सोलापूर भागात वर्षाला साडेपाचशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ऊन आणि वारा मिळून त्याच्या दुपटीहून अधिक पाणी उडवू शकतात. कोकणात पाऊस मातीतला चुना धुऊन समुद्राला नेतो, तिथली जांभी माती म्हणूनच आम्लधर्मी. दख्खनच्या अवर्षणी पट्ट्यात पाणी चुना घेऊन खाली निघते, पण वाटेतच वाळते. चुना तिथेच साखळतो आणि त्याचे खडे बनतात. नांगराच्या तासात वर येणारे शेंगदाण्याएवढे पांढरे, वेडेवाकडे चुनखडे ते हेच. त्यांवर व्हिनेगरचे चार थेंब टाकले तर फसफस होते. जिथवर मातीत हा चुना आहे तिथवर तिचा सामू साधारण ८.२ ते ८.४ च्या आसपास रेंगाळतो. सामू सात म्हणजे उदासीन, आणि प्रत्येक पुढचा आकडा दहापटीचा. एवढ्या सामूला स्फुरद, लोह, जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. ऊस आणि भुईमुगाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात. उसावर ‘केवडा’ पडला असे म्हणतात ते यामुळे.

ज्वारीला मात्र ही माती मानवते. पावसाळ्यात बरेच शेतकरी भारी काळे रान रिकामे ठेवतात. परक्याला तो आळस वाटेल. भेगाळलेली जमीन पहिल्या पावसाचे पाणी गटागट पिते, पण एकदा फुगून भेगा मिटल्या की ताशी मिलिमीटरभरही पाणी आत जात नाही. सतत चिखल, तण आणि पेरणीला संधी नाही. तेव्हा पाणी आधी साठू द्यायचे आणि हस्ताच्या आगेमागे पेरायचे, हा इथला शहाणपणा. दोन मीटर खोल काळी पिकाला घेता येईल असे सुमारे दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरते. बाकीचा हंगाम ज्वारी त्यावर आणि थंडीतल्या दवावर काढते. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ अजून याच रानात पेरली जाते, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दामाजीपंतांच्या कथेतले धान्याचे कोठार याच गावचे.

या शेतीत सगळा खेळ वापशाचा. ओल उतरून माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारताच फुटावा, तो वापसा. हलक्या रानात तो लवकर येतो आणि चुकला तर फारसे बिघडत नाही. काळीत तो उशिरा येतो आणि थोडेच दिवस टिकतो. आधी औत घातले तर चिखलाच्या लाद्या पडतात, उशीर झाला तर डोक्याएवढी ढेकळे. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करायची. त्यातली शेवटची दातेरी कोळप्याने, भेगा बुजवण्यासाठी. भेग उघडी राहिली तर जमीन त्या वाटेने खालपर्यंत वाळते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे म्हणतात ते उगाच नव्हे.

कुंदा हे या मातीतले हट्टी गवत. गुरे खातात, पण शेतात शिरला तर त्याची मुळे लाकडी नांगराला दाद देत नाहीत. उन्हाळ्यात कुदळीने खणून काढावा लागे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी त्याला हात लावेनात. पुढे भारी जमिनीनेच तो नांगर उचलून धरला.

घरे मात्र लोकांनी काळीत बांधली नाहीत. शेतांना ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणायची रीत जुनी, आणि धाब्याला व भिंतींना माती लागायची तीही पांढरीच. आज शहरे काळ्या रानात पसरतात आणि नव्या बंगल्यांच्या भिंतींना पहिल्या दोन पावसाळ्यांतच तिरक्या चिरा जातात. कालव्यांच्या अस्तरांचे हेच होत असे. आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टी यांनी त्यावर उपाय दाखवला तो असा की फुगणाऱ्या मातीवर मुरमासारख्या न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा जाड थर द्यावा.

इथवर वर्णन झाले ते चांगल्या काळीचे. तिची सख्खी बहीण म्हणजे चोपण. लांबून दोघी सारख्याच दिसतात. चांगल्या काळीत चिकणमातीच्या पानांना कॅल्शियम धरून ठेवते, म्हणून तिचे बारीक खडे होतात आणि त्यांच्या मधून हवा-पाणी खेळते. चोपणीत ती जागा सोडियमने घेतलेली असते. सोडियमची पकड ढिली. पाणी लागताच पाने सुटी होऊन विरघळल्यासारखी पसरतात आणि होती नव्हती ती छिद्रे बुजवतात. सामू साडेआठच्या वर जातो. पाणी दिवसेंदिवस साचते, वाळल्यावर वर कडक पापडी धरते, मारवेल विरळ होतो आणि हरळीचे तुरळक ठिपके उरतात.

ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या दोन पेल्यांत पावसाचे पाणी घ्यावे आणि एकेक वाळलेले ढेकूळ हलकेच सोडावे. काळीचे ढेकूळ फुटून तळाशी बारीक खडे होऊन बसते, वरचे पाणी नितळ राहते. चोपणीच्या ढेकळाभोवती दुधाळ वलय उठते, तासाभरात पेला गढूळ होतो आणि दुसऱ्या दिवशीही निवळत नाही.

चांगली काळी बिघडवणे फारसे कठीण नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, बारामतीकडे ऊस आला, आणि निचरा नसलेल्या सखल काळ्या जमिनी पाझराने चिबडून क्षार वर आले. हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवरचा अहवाल १९१० मध्येच प्रसिद्ध केला. निदान होते, उपायही कळले होते: जिप्सम घालून सोडियम हटवा, आणि त्याहून आधी चर खोदून पाण्याला वाट द्या. तरी गेल्या शंभर वर्षांत प्रत्येक नव्या कालव्यावर तीच चूक नव्याने झाली.

विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यात कालव्याचीही गरज पडली नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या सुमारे नऊशे गावांच्या खारपाणपट्ट्यात चोपणपणा मुळातलाच आहे. उतार नगण्य, निचरा मंद, चुना सतत खड्यांत अडकत जातो आणि खालच्या थरांत सोडियम वरचढ होतो. विहिरींचे पाणी खारे; प्यायला नको आणि शेताला तर त्याहून नको. त्यामुळे नदी असूनही कपाशी, तूर, हरभरा बहुतेक आभाळावर.

तिथे अलीकडे शेततळ्यांनी जोर धरला आहे. इतरत्र तळे राखायला प्लास्टिकचे अस्तर लागते. इथे खड्डा खणला आणि पावसाचे पाणी साठले की सुटी झालेली चिकणमातीच तळाची छिद्रे लिंपून टाकते. हरभऱ्याला एक-दोन संरक्षित पाणी द्यायला ते पुरते. पौषात काठावर उभे राहून पाहिले तरी ते चहाच्या रंगाचेच असते.