ओल, बुरशी आणि शिसे : भिंतीचे दुखणे

औषध चालू असेपर्यंत मुलाचा खोकला थांबतो आणि आठ दिवसांत पुन्हा उसळतो, अशी तक्रार घेऊन अनेक पालक येतात. अशा वेळी मुलाची छाती तपासावीच, पण घराच्या भिंतींचीही चौकशी करावी. अमेरिकेतील सैनिकांच्या कुटुंबांनी हा धडा मुलांची दुखणी सोसून घेतला आणि पुढे त्यासाठी कायदा करवून घेतला. त्याची माहिती आज घेऊ.

१९९६ मध्ये अमेरिकन सरकारने लष्करी तळांवरील कुटुंबांची घरे खासगी कंपन्यांकडे सोपविण्याचा कायदा केला. घरे जुनी झाली होती आणि दुरुस्तीचा खर्च सरकारला झेपत नव्हता. कंपनीने घरांची देखभाल करावी आणि सैनिकाला मिळणारा घरभत्ता भाडे म्हणून घ्यावा, अशी ही योजना होती. करार बहुधा पन्नास वर्षांचे. सुमारे दोन लाख घरे अशी खासगी हातांत गेली. गोम अशी की छत गळो वा न गळो, भाडे दरमहा मिळतच राही. तक्रार केली तर घरच्या माणसाच्या नोकरीवर बालंट येईल, या धास्तीने पुष्कळ कुटुंबे गप्प राहत.

२०१८ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने जॉर्जिया राज्यातील फोर्ट बेनिंग व इतर तळांवरील घरांतल्या रंगाचे नमुने तपासून घेतले, तेव्हा काही ठिकाणी घातक प्रमाणात शिसे सापडले. अमेरिकेत घरगुती रंगात शिसे वापरण्यास १९७८ मध्ये मनाई झाली. पण त्याआधी दिलेला रंग भिंतीवरच होता. असा रंग सुटू लागला की त्याचे पोपडे आणि धूळ जमिनीवर येते. रांगते मूल तोच हात तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या चार-पाच पट प्रमाणात लहान मुलाच्या शरीरात शोषले जाते. लोह व कॅल्शियम कमी असलेल्या मुलात ते आणखी वाढते. त्यातले बरेचसे हाडांत साठून राहते. मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम बहुधा भरून निघत नाही, आणि निर्धोक म्हणावे असे शिशाचे प्रमाण रक्तात नाही. रक्तातून शिसे काढणारी औषधे आहेत, पण ती प्रमाण फार वाढले तरच देतात. आणि उपचार घेऊन मूल त्याच खोलीत परतले तर उपयोग काय?

बुरशीचेही तसेच. पाणी झिरपणारा नळ दुरुस्त न करता वर रंगाचा हात मारला, तर काही दिवसांत काळे डाग पुन्हा उमटतात. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे जाऊन ॲलर्जी असणाऱ्यांचा दमा बळावतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये या कुटुंबांनी सिनेटच्या समितीपुढे साक्षी दिल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या संरक्षणविषयक कायद्यात भाडेकरूंचे हक्क नमूद झाले. घर घेण्याआधी मागील सात वर्षांच्या दुरुस्त्यांची माहिती मागता येते. घर राहण्यास धोक्याचे ठरले तर दुरुस्ती होईपर्यंत पदरचा खर्च न करता दुसरीकडे राहता येते. वाद सुटेपर्यंत भाडे कंपनीच्या हाती न पडता वेगळे ठेवता येते. तक्रारदारावर सूड उगवण्यास मनाई आहे. माझ्या मते यातले भाड्याचे कलम सर्वांत गुणकारी. पण जुने करार एकतर्फी बदलता येत नसल्याने ते आणि सात वर्षांच्या माहितीचे कलम लागू होण्यास कंपन्यांची संमती घ्यावी लागली. त्यात २०२१ उजाडले.

आपल्याकडे घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे नसावे, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या खिडक्या-दारांवरील ऑइलपेंटबद्दल सावध राहिलेले बरे. दिवाळीपूर्वी असा रंग कोरडाच घासू नये. आधी ओला करावा. गर्भवती स्त्री व मुलांना तोवर दुसरीकडे ठेवावे. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. मूल भिंतीचे पोपडे खात असेल तर डॉक्टरांना तसे मुद्दाम सांगावे. नेहमीच्या रक्ततपासणीत शिसे कळत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते.