वैद्यकीय नोंदणीची चौकशी आणि व्यावसायिकाच्या प्रतिसादाचे स्वरूप : एक विवेचन

प्रस्तावना

वैद्यकीय पदवी विद्यापीठ प्रदान करते. परंतु रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार राज्य वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीतील नावामुळे प्राप्त होतो. महाराष्ट्रात ही नोंदवही महाराष्ट्र वैद्यकीय परिषद अधिनियम, १९६५ अन्वये ठेवली जाते. त्या नोंदवहीतून नाव वगळले गेल्यास पदवी, ज्ञान व अनुभव कायम राहूनही व्यवसाय थांबतो. त्यामुळे परिषदेची नोटीस हा डॉक्टरच्या उपजीविकेशी व प्रतिष्ठेशी निगडित असा विषय ठरतो.

अशा प्रसंगी कोणी नोटिशीकडे दुर्लक्ष करतो, तर कोणी संतापाच्या भरात तक्रारदारावरच प्रत्यारोप करतो. या दोन्ही मार्गांनी मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो. प्रस्तुत लेखात चौकशीचा कायदेशीर आधार, तिचा नेमका विषय आणि योग्य प्रतिसादाचे स्वरूप विशद करण्याचा प्रयत्न केला आहे. परिषदेपुढील म्हणण्याचे खरे बळ उपचाराच्या वेळी केलेल्या नोंदींत असते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

चौकशीचा कायदेशीर आधार

व्यावसायिक वर्तनाचे नियम भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांत नमूद आहेत. २५ सप्टेंबर २०२० रोजी या परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम अधिसूचित केले. मात्र त्याच महिन्यात ते स्थगित करण्यात आले व २००२ चे विनियम पुन्हा लागू झाले.

२००२ च्या विनियमांतील सातव्या प्रकरणात गैरवर्तनाचे प्रकार सांगितले आहेत. तथापि ती यादी परिपूर्ण नसल्याचे आठव्या प्रकरणाच्या आरंभीच स्पष्ट केले आहे. म्हणजेच एखादे कृत्य यादीत नाही, एवढा बचाव पुरेसा ठरत नाही. तक्रार आल्यावर परिषदेने चौकशी करावी आणि संबंधित डॉक्टरला स्वतः अथवा वकिलामार्फत बाजू मांडण्याची संधी द्यावी, अशी तरतूद आहे. दोष सिद्ध झाल्यास परिषद योग्य ती शिक्षा देऊ शकते, अथवा ठरावीक काळासाठी किंवा कायमचे नाव वगळू शकते. नाव वगळल्यास त्यास व्यापक प्रसिद्धी देण्याचीही तरतूद आहे. निर्णयासाठी ६ महिन्यांची मर्यादा घातलेली असून, चौकशी प्रलंबित असताना वादग्रस्त प्रक्रिया करण्यास परिषद डॉक्टरला मनाई करू शकते. त्यामुळे अंतिम निर्णय लागेपर्यंत काहीच बिघडत नाही, हा समज चुकीचा आहे.

चौकशीचा नेमका विषय

रुग्णाला अपेक्षित गुण आला नाही, या एका कारणावरून गैरवर्तन सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे उपचार यशस्वी झाला म्हणून वर्तन निर्दोष ठरत नाही. डॉक्टरने काय केले, का केले, रुग्णाला काय सांगितले आणि त्याची नोंद कशी ठेवली, हे परिषदेला पाहावयाचे असते.

समीरा कोहली प्रकरणातील १६ जानेवारी २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या दृष्टीने उद्बोधक आहे. निदानासाठी दुर्बिणीद्वारे तपासणीस संमती दिलेल्या सज्ञान रुग्णेचे गर्भाशय व बीजांडकोश, ती भूल दिलेल्या अवस्थेत असताना, तिच्या आईच्या संमतीने काढण्यात आले. निदानाच्या तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. डॉक्टरचा हेतू रुग्णेच्या हिताचा होता, हे मान्य करूनही शुल्क नाकारण्यात आले व भरपाई देण्याचा आदेश झाला. हा वाद ग्राहक कायद्याखालील असला, तरी त्याचा बोध परिषदेपुढील चौकशीसही लागू पडतो. ‘हेतू चांगला होता’ हे विधान संमतीच्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

प्रतिसादाचे टप्पे

पहिला टप्पा नोटिशीच्या काळजीपूर्वक वाचनाचा. नोटीस मिळाल्याची तारीख, उत्तराची मुदत, आरोपांची संख्या आणि तक्रारीची प्रत यांची खातरजमा करावी. प्रत मिळाली नसल्यास ती लेखी मागावी. मुदत अपुरी असल्यास ती संपण्यापूर्वीच सकारण वाढ मागावी.

दुसरा टप्पा कागदपत्रांच्या जतनाचा. अंतर्रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत देणे, ही विनियमांनी घातलेली बंधने आहेत. त्यांचा भंग हेच स्वतंत्र गैरवर्तन ठरते. केसपेपर, संमतिपत्र, परिचारिकांच्या नोंदी व तपासण्यांचे अहवाल मूळ स्वरूपात सुरक्षित ठेवावेत. नोटीस आल्यानंतर जुन्या नोंदीत भर घालणे किंवा खाडाखोड करणे हे सर्वांत घातक पाऊल होय. अपुरी नोंद फार तर निष्काळजीपणा दर्शविते. बदललेली नोंद अप्रामाणिकपणा दर्शविते. एखादी गोष्ट नोंदवावयाची राहून गेली असल्यास ती आजच्या तारखेच्या म्हणण्यात, स्मरणाच्या आधारे सांगितल्याचे नमूद करून मांडावी.

तिसरा टप्पा लेखी म्हणण्याचा. आधी घटनाक्रम तारीख-वेळेसह द्यावा, नंतर प्रत्येक आरोपाला स्वतंत्र उत्तर द्यावे आणि प्रत्येक विधानापुढे आधारभूत कागदाचा उल्लेख करावा. जे सत्य आहे ते मान्य करावे. रुग्णाच्या दुःखाविषयीची सहानुभूती म्हणजे दोषाची कबुली नव्हे. परंतु तक्रारदाराच्या हेतूविषयीची शेरेबाजी म्हणण्याचे वजन निश्चितच कमी करते. तक्रार मागे घ्यावी म्हणून रुग्णाच्या कुटुंबावर दबाव आणणे सर्वथा टाळावे.

चौथा टप्पा सुनावणीचा. व्यावसायिक अक्षमतेचा निर्णय समव्यावसायिकांच्या गटाने करावा, असे विनियम सांगतात. म्हणून तेथे वक्तृत्वापेक्षा वैद्यकीय तर्काला महत्त्व असते. निवडलेल्या उपचारामागील कारणे, उपलब्ध पर्याय आणि मान्य शास्त्रीय आधार यांची मांडणी तेथे उपयोगी पडते.

समांतर कार्यवाही व अपील

एकाच घटनेतून परिषद, ग्राहक आयोग आणि फौजदारी न्यायालय अशा तीन ठिकाणी कार्यवाही उद्भवू शकते. परिषदेचे शिस्तविषयक नियंत्रण आहे म्हणून डॉक्टर ग्राहक कायद्याच्या बाहेर राहत नाहीत, हे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा ठळक स्वरूपाचा असावा लागतो, हे जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये सांगितले गेले. प्रत्येक ठिकाणची कसोटी वेगळी असली, तरी घटना एकच असते. एका ठिकाणचे विधान दुसऱ्या ठिकाणच्या विधानाशी विसंगत ठरल्यास दोन्ही ठिकाणची विश्वासार्हता जाते. यासाठी आरंभीच विधिज्ञाचा सल्ला घेणे व व्यावसायिक विमा असल्यास विमा कंपनीस कळविणे इष्ट होय.

राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३० नुसार परिषदेच्या कार्यवाहीविरुद्ध नीतिमत्ता व वैद्यकीय नोंदणी मंडळाकडे आणि त्यानंतर ६० दिवसांत आयोगाकडे अपील करता येते. या कलमाच्या शब्दयोजनेत अपिलाचा हक्क व्यावसायिकाला दिलेला आहे. तक्रारदाराचा तेथे उल्लेख नाही. त्यामुळे परिषदेपुढील पहिल्या चौकशीतच सत्य पूर्णपणे समोर येणे रुग्णाच्या दृष्टीने अधिकच महत्त्वाचे ठरते.

समारोप

समव्यावसायिकांनीच समव्यावसायिकाची चौकशी करावी, ही व्यवस्था समाजाने विश्वासाने मान्य केली आहे. टाळाटाळीच्या उत्तरांनी तो विश्वास झिजतो, तर प्रामाणिक म्हणण्याने निर्दोष डॉक्टरला संरक्षण मिळते आणि पीडित रुग्णाला उत्तर मिळते. २०१९ पासून वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद यांचा समावेश करण्यात आला आहे. त्या अध्यापनात केसपेपर लिहिण्याची शिस्त आणि संमती घेण्याची रीत यांना ठोस स्थान देणे, हे अध्यापकांच्या हाती आहे. रात्रपाळीत दमलेला आंतरवासी डॉक्टर वेळ घालून, सही करून जी चार ओळींची नोंद करतो, तीच पुढे कधीतरी त्याच्या बाजूने किंवा रुग्णाच्या बाजूने साक्ष देणार असते.