थर्मल पेस्ट पुसण्याआधी...

ऐन उन्हाळ्यात संगणक मंदावला किंवा आपोआप बंद पडू लागला, की बहुतेकांचा पहिला संशय व्हायरसवर जातो. प्रत्यक्षात दोष अनेकदा प्रोसेसर आणि त्यावरील हीटसिंक यांच्यामधील करड्या लेपाचा असतो. धातूचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खाचा असतात आणि तेथे अडकलेली हवा उष्णतेची वाट अडविते. त्या खाचा भरून काढणे हे थर्मल पेस्टचे काम. काही वर्षांत ती वाळते. मग जुनी काढून नवी लावावी लागते.

मोठे नुकसान सहसा ती पुसताना होत नाही. होते ते त्याआधी, हीटसिंक उचलताना. एएमडीच्या एएम-४ जातीच्या प्रोसेसरच्या तळाशी १३३१ नाजूक पिना असतात. वाळलेला लेप डिंकासारखा चिकटतो आणि हीटसिंक सरळ वर ओढला, तर त्याच्यासोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटला जातो. कधी पिना वाकतात, कधी तुटतात. यासाठी संगणक आधी दहा-पंधरा मिनिटे चालवून लेप ऊबदार होऊ द्यावा. नंतर तो बंद करून वीजजोडणी काढावी, स्क्रू सैल करावेत आणि हीटसिंक डावीउजवीकडे हलकेच फिरवीत सुटा करावा. २०२२ मध्ये आलेल्या एएम-५ मध्ये पिना सॉकेटमध्ये गेल्या. इंटेलने हा बदल २००४ मध्येच केला होता. अशा संगणकात प्रोसेसर जागेवरून न काढताच पुसणे श्रेयस्कर, कारण उघड्या सॉकेटमधील पिना त्याहून नाजूक!

पुसण्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिरविद्युत निघून जाते. बराचसा लेप कोरड्या कापडाने टिपून घ्यावा. उरलेला, किमान ९० टक्के शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड किंचित ओलसर करून पुसावा. द्रव थेट प्रोसेसरवर ओतू नये. तंतू सुटणारा कापूस, सुरी आणि नेलपॉलिश रिमूव्हर वर्ज्य. घरचे सॅनिटायझरही नको. त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असते. अल्कोहोल पेट घेते, म्हणून समई किंवा गॅस जवळ नसावा. लेप पाऱ्यासारखा चकाकत असेल, तर तो गॅलियमयुक्त द्रवधातू असू शकतो. तो वीजवाहक असून अॅल्युमिनियम पोखरतो; ते काम जाणकाराकडेच सोपवावे.

पृष्ठभाग पूर्ण सुकल्यावर मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी. हीटसिंकच्या दाबाने ती पसरते. स्क्रू तिरप्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत आणि संगणक सुरू करण्यापूर्वी पंख्याची वायर जोडली आहे ना, हे पाहावे. घाईत नेमकी तीच राहून जाते.