जुने फाटे, नवे इंटरचेंज

हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून सुमारे 97 किलोमीटर धावतो. एवढ्या अंतरात त्यावर चढण्या-उतरण्याच्या जागा तीनच आहेत : कारंजा (लाड), शेलूबाजार आणि मालेगाव (जहांगीर). पहिला इंटरचेंज कारंजा तालुक्यात, दुसरा मंगरूळपीर तालुक्यात आणि तिसरा मालेगाव तालुक्यात आहे. या जागा नकाशावर सारख्या अंतराने टिंबे देऊन ठरलेल्या नाहीत. जिथे जुने रस्ते आधीपासून एकमेकांना छेदत होते, त्याच गावांच्या आसपास नवा रस्ता जिल्ह्याला भेटतो.

वाशिमचा बराचसा भाग पठारी आहे. इथे पडणारा पाऊस दोन दिशांना वाटला जातो. काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णा-तापीच्या खोऱ्यात उतरते, तर अडाण आणि अरुणावती दक्षिणेकडे पैनगंगेच्या खोऱ्यात जातात. वऱ्हाडातले मोठे दळणवळण मात्र पठाराखालच्या सपाटीवरून गेले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या वाटेने 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गानेही तीच पट्टी धरली. पठारावरचा माल खाली उतरवायचा आणि मग पुढे पाठवायचा, अशी रीत पडली. त्यामुळे वाशिमकडच्या गावांचे महत्त्व मुख्य वाटेवरून न ठरता फाट्यांवरून ठरले.

यांत कारंजा सर्वांत जुने व्यापारी गाव. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैन परंपरेचे केंद्र म्हणून ते ओळखले जाते. पण त्याची भरभराट झाली ती व्यापारावर. गावाच्या वेशींना दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा अशी नावे आहेत. कोणत्या वेशीतून कुठली वाट सुटते, हे नावातच सांगितलेले आहे. 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजात देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा त्यानंतर, 1897 मध्ये आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे कारंजा आणि दारव्ह्यावरून टाकली गेली. ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या तोंडी बसलेली ही गाडी आता बंद आहे. तिच्या रुळांचा मूळ हेतू कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत नेण्याचा होता.

शेलूबाजार आणि मालेगाव ही रस्त्यांनी मोठी केलेली गावे आहेत. नागपूरहून वर्धा, पुलगाव, कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा आणि जालना या मार्गाने छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता या दोन्ही गावांतून जातो. अकोल्याहून बार्शीटाकळीमार्गे मंगरूळपीरकडे निघालेला रस्ता त्याला शेलूबाजारला छेदतो. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा रस्ता, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग 161, त्याला मालेगावात भेटतो. अशा चौफुलीवर एसटी थांबते, ट्रक विसावतात, हॉटेले आणि पंक्चरची दुकाने उभी राहतात. वाहन थांबते म्हणून बाजार वाढतो आणि बाजार असतो म्हणून वाहन थांबते.

इंटरचेंजची कल्पना नेमकी याच्या उलट आहे : दोन रस्ते भेटावेत, पण कोणत्याही वाहनाला थांबावे लागू नये. अमेरिकेत आर्थर हेल यांनी 1916 मध्ये चार पाकळ्यांच्या क्लोव्हरलीफ रचनेचे पेटंट घेतले आणि 1929 मध्ये न्यू जर्सीतील वुडब्रिज येथे तसा इंटरचेंज उभा राहिला. महाराष्ट्रात मुंबईच्या केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल 1965 मध्ये झाला. ठरावीक ठिकाणीच प्रवेश देणारा द्रुतगती मार्ग आला तो मुंबई-पुणे मार्गाच्या रूपाने. 1996 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने तो बांधला आणि 2002 मध्ये तो पूर्ण वापरात आला. समृद्धी महामार्गही याच महामंडळाचे काम.

जिथे पथकर घ्यायचा असतो तिथे क्लोव्हरलीफपेक्षा ट्रम्पेट रचना सोयीची ठरते. चार पाकळ्यांच्या रचनेत वाहने अनेक रॅम्पवरून ये-जा करतात, त्यामुळे टोल नाकेही अनेक लागतात. ट्रम्पेटमध्ये चढणारी आणि उतरणारी सगळी वाहने एकाच जोडरस्त्यावर येतात, म्हणून एकच नाका पुरतो. दिशा चार असतात. त्यांपैकी तीन दिशांची वाहने साध्या वळणाने जातात आणि चौथ्या दिशेच्या वाहनांना सुमारे 270 अंशांचा फेर घेऊन पुलावरून किंवा पुलाखालून जावे लागते. समृद्धीवर मोटारींना ताशी 120 आणि जड वाहनांना ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे, तर अशा फेऱ्यावर वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास आणावा लागतो. म्हणून उतरण्याआधी वेग कमी करण्यासाठी आणि चढल्यावर तो वाढवण्यासाठी कडेला वेगळी लेन ठेवलेली असते.

या महामार्गाची घोषणा 2015 मध्ये झाली. मूळ योजनेत भूसंचयनावर भर होता : शेतकऱ्याने जमीन द्यायची, बदल्यात विकसित भूखंड आणि काही वर्षे वार्षिक रक्कम घ्यायची. हे भूखंड इंटरचेंजजवळ वसवायच्या कृषी समृद्धी नगरांत मिळणार होते. अनेक ठिकाणी विरोध झाला. 2017 मध्ये थेट खरेदीचे धोरण आले, मोबदला पाचपटीपर्यंत गेला आणि बहुतेक जमीन त्याच मार्गाने घेतली गेली. बांधकाम 2019 मध्ये सुरू झाले. वाशिममधील काम दोन टप्प्यांत विभागून वेगवेगळ्या कंत्राटदारांना दिले होते. कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य आणि काटेपूर्णा अभयारण्य या पट्ट्यात येत असल्याने प्राण्यांना ओलांडता येईल अशा रचना आराखड्यात घ्याव्या लागल्या.

11 डिसेंबर 2022 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि वाशिममधील तिन्ही इंटरचेंज वापरात आले. पुढे भरवीर आणि इगतपुरीपर्यंत रस्ता वाढत गेला. 5 जून 2025 रोजी इगतपुरी-आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर 701 किलोमीटरची सलग वाट तयार झाली. पथकर कापलेल्या अंतराप्रमाणे, उतरताना द्यावा लागतो. हलक्या वाहनांसाठी तो सुरुवातीला किलोमीटरमागे 1.73 रुपये होता आणि एप्रिल 2025 पासून 2.06 रुपये झाला.

कुंपण घातलेल्या या रस्त्यावर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना मज्जाव आहे. कडेच्या गावांतले बैलगाडी-ट्रॅक्टर खालच्या बोगद्यांतून पलीकडच्या शेतात जातात. सोयाबीन, तूर किंवा कापूस घेऊन निघालेल्या मालमोटारीला मात्र आधी जुन्या रस्त्याने कारंजा, शेलूबाजार किंवा मालेगाव गाठावे लागते. खुद्द वाशिम शहराला इंटरचेंज नाही. तिथले प्रवासी सुमारे 20 किलोमीटरवरच्या मालेगावकडून किंवा शेलूबाजारकडून समृद्धीवर येतात. मुख्य वाट पठाराच्या पायथ्यावरून पठारावर आली, तरी जिल्ह्याच्या वाट्याला तिचा किती उपयोग येतो हे इंटरचेंजपर्यंत पोहोचणाऱ्या राज्यमार्गांच्या आणि गावरस्त्यांच्या स्थितीवरच ठरते.