गाडी त्यांची, हप्ता दोघांचा!

गाडी म्हटलं की तो पुरुषांचा प्रांत, असं आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं. गाडी कोणती घ्यायची, तिला टायर कोणते घालायचे, इंजिनात काय बदल करायचे, हे सगळं गॅरेजमध्ये चहा पिता पिता ठरतं. घरी येतं ते फक्त बिल! पण मैत्रिणींनो, कर्जाच्या कागदावर सही आपलीही असते, गहाण पडलेली पाटली आपली असते आणि रात्री घाटातून गाडी परत येईपर्यंत जागणाऱ्याही आपणच असतो. मग त्या गाडीबद्दल चार प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला नाही का?

आमच्या बचत गटातल्या एकीच्या घरी गेल्या वर्षी हा विषय निघाला. नवरा भाजीपाला वाहतो. पिकअप जुनी, २०२० च्या आधीची, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं तिला मोठे टायर घातलेले, मागे जादा पाटे टाकलेले, हौद्याच्या फळ्याही उंच केलेल्या. दिसायला रुबाबदार, पण कुंभार्ली घाट लागला की गाडीला धाप लागायची. गॅरेजवाल्यानं उपाय सुचवला, "इंजिन ट्यून करून घ्या, गाडी पळत घाट चढेल." त्यात पुन्हा तीन प्रकार. एक स्वस्तातली डबी, दुसरं साधं रिमॅपिंग आणि तिसरं एकदम जोरदार. नवरा तिसऱ्यावर खूश. हिनं मात्र वही उघडली आणि आमच्या बैठकीत विचारलं, "ताई, हे ट्यून म्हणजे नेमकं काय हो?"

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला काय कळतंय त्यातलं? पण रॉकेलचा स्टो ज्यांनी वापरलाय त्यांना हे लगेच कळेल. ज्योत निळी असली की भांडी स्वच्छ राहतात आणि हवा कमी पडली की ज्योत पिवळी होऊन बुडं काळी होतात. डिझेल इंजिनाचंही तसंच. एक किलो डिझेल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिनाला त्याहून बरीच जास्त हवा हवी असते. ट्यून करणं म्हणजे डिझेल किती जायचं, कधी जायचं आणि टर्बोनं हवा किती दाबायची, याचं गणित बदलणं. अगदी जुन्या गाड्यांत हे पंपावरचा स्क्रू फिरवून व्हायचं, त्यालाच "पंप वाढवणं" म्हणतात. नंतरच्या कॉमन रेल गाड्यांत हे काम छोटा कॉम्प्युटर करतो. त्यातला हिशेबच बदलला तर ते रिमॅपिंग. आणि डबी? ती सेन्सरच्या वायरीत बसते आणि कॉम्प्युटरला खोटं सांगते की डिझेलचा दाब कमी आहे. तो बिचारा दाब वाढवतो!

डिझेल वाढलं पण हवा तेवढीच राहिली की सायलेन्सरमधून काळा धूर येतो. पुष्कळांना वाटतं, धूर म्हणजे ताकद. छे! धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे आपलेच पैसे. शिवाय आतली उष्णता वाढते. इंजिनाचे पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. तेल आणि कूलंट पिस्टनला थंड ठेवतात, म्हणून तो टिकतो. भरलेली गाडी भर उन्हात लांबलचक घाट चढतेय, रेडिएटर जुना आहे आणि वर जोरदार ट्यून... मग हेड गॅस्केट जातं, टर्बो जातो, क्लच प्लेट तर जातेच. इंजिनाचं काम निघालं की वर्षभराची बचत एका बिलात संपते.

म्हणून पहिला नियम असा, की आजारी गाडीला ट्यून करायची नाही. अशक्त माणसाला आधी तपासतो, की लगेच कुस्तीला उतरवतो? एअर फिल्टर, टर्बोपासून जाणारा हवेचा पाइप, नोझल, इंजिनाचं कॉम्प्रेशन, कूलंट, क्लच हे सगळं आधी बघायचं. आमच्या मैत्रिणीच्या गाडीचं तसंच झालं. दुसऱ्या, जुन्या जाणत्या मिस्त्रीला दाखवलं तर फिल्टर धुळीनं गच्च आणि हवेचा पाइप फाटलेला! टर्बोनं दाबलेली हवा बाहेरच जात होती.

दुसरी गोष्ट त्या रुबाबदार टायरांची. टायर मूळच्यापेक्षा १० टक्के उंच झाला, तर चाकाची ओढ सुमारे ९ टक्क्यांनी घटते. मीटर ५० दाखवत असतं, तेव्हा गाडी ५५ नं धावत असते. म्हणजे आपण आधी टायर बदलून ताकद घालवायची आणि मग तीच परत मिळवायला इंजिनावर पैसे घालायचे! आणि एक लक्षात ठेवा, ट्यूनमुळे गाडी घाट जोरात चढेल, पण उतरताना काम पडतं ते ब्रेकचं. ते कोणी ट्यून करत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसी बुकातले तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत, असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार, बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. धूर वाढला की पीयूसी आणि फिटनेस अडतं. अपघात झाला आणि विमा कंपनीला बदल कळवलेले नसले, तर क्लेमही अडकू शकतो. तेव्हा सही "कर्जदार" म्हणून कुणाची आहे, ते आठवून बघा!

आणि तो धूर जातो कुठे? अंगणात गाडी गरम करत उभी असते, तिथेच आपली पोरं खेळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवलाय.

मग ट्यून करूच नये का? मिस्त्री सांगेल तेव्हा हे प्रश्न मात्र जरूर विचारा. गाडी ओझ्यासाठी हवी की वेगासाठी? भाजी वाहणाऱ्या गाडीला कमी फेऱ्यांवरची ओढ लागते, शर्यतीचा वेग नको. कॉम्प्युटरमधला मूळ प्रोग्रॅम जपून ठेवणार का आणि परत टाकून देणार का? सगळ्यांना एकच तयार प्रोग्रॅम टाकताय, की आमच्या गाडीचे टायर आणि ओझं बघून? धुराची चाचणी आधी आणि नंतर करून दाखवणार का? आरटीओत चालेल, हे लिहून देणार का? शेवटच्या प्रश्नावर बरेच जण चहा मागवतात!

आमच्या मैत्रिणीनं हे सगळं नवऱ्यापुढे शांतपणे मांडलं. भांडण नाही, नुसती वही. ठरलं ते असं, की पाइप आणि फिल्टर नवा, नोझल तपासून घ्यायचे, टायर पुन्हा कंपनीच्या मापाचे, फळ्याही खाली आणि इंजिनाचा मूळचा हिशेब तसाच ठेवायचा. गाडी पळत नाही, पण घाट नीट चढते. धूर गेला. जोरदार ट्यूनचे पैसे वाचले, ते ब्रेक आणि कूलंटच्या कामाला लागले. नवरा आधी जरा खट्टू झाला, आता तोच दुसऱ्यांना टायरचं गणित सांगतो.

तुमच्याही दारात अशी गाडी असेल, तर एवढं करा. टाकी फुल्ल करताना किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी ३० लिटर लागले आणि ३३० किलोमीटर झाले, तर ॲव्हरेज ११. चार-पाच वेळा लिहिलंत की गाडीचं दुखणं वहीतच दिसायला लागेल. घरखर्चाचा हिशेब आपण ठेवतोच ना? मग त्याच वहीत एक पान गाडीचं!