बॅटरीची गाडी आणि खारं पाणी

दर्यापूर-तेल्हाऱ्याकडे बॅटरीवरची सायकल किंवा स्कूटर बोअरच्या पाण्याने धुऊ नका. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातले हे पाणी वायरींच्या जोडांत मीठ ठेवून जाते. तांब्यावर हिरवा थर चढतो आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. साठवलेल्या पावसाच्या पाण्यात फडके पिळून पुसा. जोराचा फवारा तर नकोच! ‘आयपी ६७’ म्हणजे धूळबंद आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटे तग. फवाऱ्याची हमी त्यात नाही. आपली काळी माती वाळली की दगड होते, म्हणून चाकातला चिखल वाफशावर असतानाच लाकडी काडीने काढा. चाकाकडे जाणाऱ्या वायरीला खाली झोल द्या, पाणी तिथूनच ठिबकेल. भिजलेली गाडी पुरती वाळल्यावरच चार्जिंगला लावा. सर्वांत महाग भाग बॅटरीच आहे.